लाहानूबाबांचा राब

लाहानूबाबांसमोर 'राब जाळला' असं म्हणायची सोय नव्हती. बोलणारा कोणीही असो, बाबा हातातलं काम टाकून यायचे. "जाळला नाय, भाजला. पुन्ना बोल." आणि तो पुन्हा बोलेपर्यंत तिथून हलायचे नाहीत.

२०१५ साली मी सायवनकडच्या गावांत कृषी सहायक म्हणून आलो. भाताची रोपं करायची त्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरायचं, वर माती पसरायची आणि ते सगळं पेटवायचं, हा इथला राब. तो लोकांकडून बंद करून घेणं हे माझं काम. पहिल्याच बैठकीत मी 'राब जाळण्याचे तोटे' सांगायला उभा राहिलो आणि बाबांनी मला पहिल्याच वाक्यावर खाली बसवलं.

"जाळलं का राख व्हते. भाजलं का जमीन तयार व्हते," ते म्हणाले. "तुमच्या सरकारला भाकर येते का भाजाया?"

"त्यालाबी येत नाय, सायेब," मागून त्यांची बायको, लाडकी आजी म्हणाली. सगळी बैठक हसली आणि माझे तोटे राहूनच गेले.

कासाच्या बाजारातला शेंगदाणेवाला बाबांना लांबून पाहिलं की आधीच त्यांच्या हातावर मूठभर दाणे ठेवायचा. नाहीतर बाबा एक दाणा चावून, दाणे भाजलेत की जाळलेत, याचा निकाल येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. एकदा आम्ही जीपने परतत असताना चढावर करपट वास आला. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "क्लच जळला." बाबा खूश झाले. "हां. याला जळला म्हणतात." गाडी दुरुस्त होईपर्यंत ते त्याच्याशी फार प्रेमाने बोलत होते.

चार वर्षं मी डोकं फोडलं, बाबा बधले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्याकडून हरायला मला आवडायला लागलं होतं.

मग एका पावसाळ्यात लाडकी आजी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये मी गेलो, तर सगळ्यांचे राब काळे झालेले आणि बाबांचा तसाच. पाला अंथरलेला, माती पसरलेली, पण पेटवलेला नाही. शेजारचे मदतीला आले होते. 'तुमी जाळाल' म्हणून बाबांनी त्यांना हाकललं होतं.

"बाबा, शेवटी माझं ऐकलंत म्हणायचं," मी हसत म्हणालो.

बाबांनी राबावरचं एक ढेकूळ उचलून हातात कुस्करलं.

"भाजाया दोन माणसं लागतात, सायेब. मी नुसती काडी लावायचा. ती वली डहाळी घेऊन समोर उभी. जाळ उठला का दाबायची, धुमसत ठेवायची." त्यांनी पाल्याकडे पाहिलं. "एकट्यानं लावलं तर जळंल."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पिशवीत राब बंदीची पत्रकं होती. ती पिशवी मी बांधावर ठेवली, ऐनाची एक डहाळी तोडून तिथल्या पाण्याच्या हंड्यात बुडवली आणि राबाच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. बाबांनी काडी लावली. जाळ वर आला तसा मी डहाळीने सपासप मारायला लागलो.

"मारू नको," बाबा म्हणाले. "ती थोपटायची."