एक इंच सैल

दादासोंनी गाडी घ्यायची हे घरात सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते कोणती घ्यायची यावर, आणि ते १९९८ सालच्या फेब्रुवारीपासून उचगावात रोज रात्री जेवताना, भाकरीच्या दुसऱ्या तुकड्याला सुरू व्हायचं.

"आबा, बंद काचांची साधी बारकी गाडी घ्या," संघर्ष म्हणायचा. तो एमआयडीसीत टर्नर होता आणि बापापेक्षा चार पावसाळे कमी पाहिले असले तरी बोलायचा जास्त पाहिल्यासारखं. "धूळ न्हाय, ऊन न्हाय."

"बंद डब्यात बसूनच फिरायचं तर यष्टी काय वाईट हाय?" दादासो म्हणायचे. "गाडी म्हंजे कशी, वारं लागाय पायजे. चार लोकांनी हाक मारली तर ऐकू याय पायजे. मला उघडी जीप पायजे."

"जीप काय पोरांचा खेळ हाय व्हय?" संघर्षची आई पारूबाई दोघांनाही भाकरी वाढत विचारायच्या. "अन् कसलीबी आणा, माझं एकच म्हणणं हाय. गाडी रातच्याला गॅरेजात पायजे अन् शटर खाली पायजे. उघडी जीप दारात लावली की शेजारची कोंबडी त्यात अंडी घालणार, अन् रिकामटेकडी माणसं त्यात बसून पान खाणार. शटर पडलं न्हाय तर गाडी परत जाणार."

गॅरेज म्हणजे दादासोंच्या टेलरिंगचं जुनं दुकान. दुकान स्टँडजवळ गेलं आणि घराला चिकटून असलेला तो गाळा मोकळा झाला. रुंदी सहा फूट. संघर्षने एकदा मित्राची बारकी गाडी आणून त्यात घालून दाखवली. गाडी झकास आत गेली. मग तिचं दार वीतभर उघडलं आणि भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूचंही तेवढंच उघडलं. संघर्ष जसा आत गेला तसाच, बसल्या बसल्या, उलटा बाहेर आला. त्या दिवशी दादासो एक भाकरी जास्त जेवले.

"जीपला दारंच नसत्यात," ते शांतपणे म्हणाले. "मागनं उडी मारली की उतरलो."

खरी गोष्ट अशी, की जीपचं वेड त्यांना तरुणपणापासून होतं. दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांची मिरवणूक निघायची तेव्हा फोटो ठेवायला बाहेरून जीप आणावी लागायची. जीपवाला नखरे करायचा, उशिरा यायचा, चहा दोनदा मागायचा. दादासो वीस वर्षं त्या जीपला झालर शिवत होते आणि तिच्या मागून चालत होते. यंदा त्यांनी मंडळात सांगून टाकलं होतं, "फोटो माझ्या जीपमधनं जाणार, अन् चालवणार मी." त्या दिवशी त्यांच्याकडे जीप नव्हती, पण शब्द देऊन झाला होता.

आता फक्त लांबीचा प्रश्न होता. गॅरेज दादासोंनी स्वतः मोजलं. त्यांच्या घरात दुसऱ्या कुणी टेप हातात घ्यायची पद्धतच नव्हती. दुकानाच्या पाटीवर त्यांनी लाल अक्षरांत लिहूनच ठेवलं होतं : 'सफारी स्पेशालिस्ट. माप चुकल्यास शिलाई परत.' अठ्ठावीस वर्षांत कुणाची शिलाई परत गेली नव्हती.

त्यांची टेप मात्र जरा वेगळी होती. ती त्यांना शिलाई शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली. दोन वर्षांपूर्वी कापड कापताना कात्री तिच्यावरूनही फिरली आणि पहिले दोन इंच तुटून पडले. तेव्हापासून टेप दोनच्या आकड्यापासून सुरू व्हायची. उस्तादांची टेप टाकून कशी द्यायची? येईल त्या मापातून दोन वजा केले की झालं. दादासो ते झोपेतही करायचे.

त्यांनी मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत टेप लावली. एक टेप साठ, दुसरी टेप साठ, आणि तिसऱ्यांदा लावली तेव्हा चौदाचा आकडा आला. एकशे चौतीस, वजा दोन, एकशे बत्तीस.

"बरोब्बर अकरा फूट," दादासोंनी खडूने भिंतीवर लिहिलं. "गाडी धा फूट अकरा इंचाची मिळाली म्हंजे झालं. एक इंच सैल. मी एक इंच सैल ठिवतोच."

आणि अशी गाडी चक्क दुकानात चालून आली. म्हणजे तिचा मालक आला. पेठ वडगावचे सयाजी वस्ताद. त्यांनी तालीम सोडून वीस वर्षं झाली होती, पण तालमीतला खुराक सोडला नव्हता. सफारी मात्र ते दादासोंकडूनच शिवून घेत. त्यांच्या पोटाला टेप पुरत नसे. एक टेप संपली की तिथं बोट ठेवून पुन्हा लावावी लागे.

त्या दिवशी वस्ताद नव्या पॅन्टची ट्रायल बघत होते. त्यांनी कमरेत दोन बोटं घातली. आरामात गेली. वस्तादांचा चेहरा फुलला.

"बघा, दादासो! परत उतरलो. दोन वर्सं झाली, दर पॅन्टला ह्योच अनुभव. माप दिल्यापासनं शिवून हुईस्तवर दोन इंच गेल्यालं असत्यात."

"तब्येत सांभाळताय, वस्ताद."

"सांभाळतोय कुठला? उतरतोय म्हणून सकाळच्याला दोन भाकरी वाढवल्यात, तरी उतरतोयच." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पर माझ्या जीपचं काय कळंना झालंय. मी उतरतोय अन् ती आकसायलीय. स्टेरिंग पुढं आलंय. वळण घेतलं की हॉर्न हातानं वाजवावाच लागत न्हाय, पोटच वाजवतंय."

"मिस्त्रीला दावली न्हाय?"

"दावली की. त्यो म्हणतोय, गाडीला कायबी झालं न्हाय, तुमीच सुटलाय. हाकलला त्याला! मी म्हटलं, दादासोंचं माप खोटं का तुजं?" वस्तादांनी सुस्कारा सोडला. "म्हयना झाला, स्टेरिंगला हात लावला न्हाय. असली आकसणारी गाडी मला नको. तुमी बारीक हाईसा, तुमास्नी बसंल. न्ह्या."

रविवारी बापलेक वडगावला गेले. संघर्षने कारखान्यातली लोखंडी टेप आणली होती, तिनं त्यानं जीप मोजली. दहा फूट अकरा इंच. दादासोंना तिथंच नाचावंसं वाटलं, पण वस्तादांसमोर ते बरं दिसलं नसतं.

येताना दादासोंनी गॉगल लावून जीप स्वतः चालवली. गाडी हातात द्यायला म्हणून वस्तादही पेढ्यांचा पुडा घेऊन मागच्या बाकावर बसून आले. उचगावच्या वेशीपासून घरापर्यंत दादासोंनी सतरा जणांना हाक मारली आणि त्यातले अकरा त्यांच्या ओळखीचे नव्हते. गॅरेजसमोर गल्ली जमली. शेजारच्या डेअरीचा ज्ञानू दूध मोजायचं सोडून आला.

दादासोंनी जीप आत घातली. पुढचा बंपर मागच्या भिंतीला टेकला. ते मागून उडी मारून उतरले, गॉगल नीट केला आणि शटर खाली ओढलं. शटर खण्णकन् जीपच्या पाठीवर आपटलं आणि तिथंच थांबलं.

"अजून जरा पुढं घ्या की," ज्ञानू म्हणाला.

"भिंतीला लागलीया."

"किती बाहेर हाय?"

"तीन इंच," संघर्ष म्हणाला.

मग गल्लीने काम हातात घेतलं. कोल्हापूरकडे एखाद्याची गाडी अडली की बघणारा प्रत्येक माणूस मिस्त्री असतो. एकाने चाकांतली हवा सोडायला लावली. जीप बुटकी झाली, आखूड झाली नाही. दुसऱ्याने मागचा हूक काढायला सांगितला. हूक निघाला, पण तो जीपच्या मागच्या पत्र्याबाहेर आलेलाच नव्हता. मग ज्ञानू म्हणाला, "भिंत नवी न्हाय, जरा दाबली तर दबंल." आणि आठ जणांनी एकदम रेटा दिला.

भिंतीपलीकडे पारूबाईंचं स्वयंपाकघर होतं. भिंत दबली नाही, पण पलीकडची फळी हलली आणि वर्षाच्या चटणीची भरलेली बरणी खाली आली. मग आतून शिंकत शिंकत, डोक्यापासून पायापर्यंत तांबड्या झालेल्या पारूबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागून चटणीही आली, आणि सगळी गल्ली शिंकायला लागली.

"परत न्ह्या!" दोन शिंकांच्या मधे पारूबाई एवढंच म्हणाल्या.

चौदा एप्रिलला तीन आठवडे होते. "अगं, गॅरेज अकरा फूटच हाय," ते काकुळतीने म्हणाले. "गाडीच लांबली असंल. वडगावपास्नं ऊन लई हुतं."

"मी तुमास्नी सांगितलंतं!" वस्ताद डोळे पुसत पुढं झाले. "ह्या गाडीतच कायतरी हाय. मला आकसली, तुमास्नी लांबली!"

संघर्षने लोखंडी टेप काढली आणि जीप पुन्हा मोजली. दहा फूट अकरा इंच. मग तो गॅरेजकडे वळला.

"माझ्या मापाला हात लावायचा न्हाय," दादासो म्हणाले. आवाज मात्र बारीक निघाला.

"मोज रं," पारूबाई म्हणाल्या.

गॅरेज दहा फूट आठ इंच निघालं. गल्ली शिंकायची थांबली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा दादासोंचं माप चुकलं होतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

"आबा, कसं मोजलंतं दावा बरं."

दादासोंनी खिशातून टेप काढली आणि दाखवलं. साठ, साठ, चौदा, वजा दोन.

"टेप तीनदा लावलीसा न्हवं?" संघर्ष हळू म्हणाला. "दर टायमाला दोन इंच कमीच पडलं. मग दोन तीनदा वजा कराय पायजेत. तुमी एकदाच केलं."

दादासोंनी टेप उलटसुलट करून बघितली. "मर्दा, माणसाच्या अंगाला टेप एकदाच लागती रं," ते म्हणाले. "तीनदा लावायचा सवाल येतोय कुठं?"

ज्ञानू खो खो हसला. त्याच्यामागून सगळी गल्ली हसली. हसले नाहीत ते एकटे वस्ताद. ते मान खाली घालून स्वतःच्या कमरेकडे बघत होते. त्यांनी पॅन्टीत दोन बोटं घातली. गेली. बाहेर काढली आणि बघितली.

"दादासो," ते म्हणाले, "मला टेप कितीदा लावता?"

खोटं बोलावं तर वस्ताद, आणि खरं बोलावं तरी वस्तादच.

"दोनदा," ते म्हणाले.

"म्हंजे मी उतरलोच न्हवतो."



"अन् त्या भाकऱ्या? दोन वर्सं, रोज दोन?" वस्तादांनी मोठ्याने हिशेब घातला आणि मधेच सोडून दिला. "म्हंजे मिस्त्री खरं बोलत हुता. जीप आकसली न्हवती. अहो, मी चांगली गाडी इकली की! दादासो, माप तुमचं चुकलंय. मला माझी जीप परत पायजे."

"घिऊन जावा," पारूबाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

दादासोंनी मान डोलावली. दुसरं करणार काय? पाटीवर स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. हवा भरून जीप बाहेर काढली गेली. दादासोंनी गॉगल काढून खिशात ठेवला आणि किल्ली वस्तादांच्या हातात दिली. देताना ती त्यांच्या बोटांतून लवकर सुटली नाही.

वस्ताद पायरीवर चढले. जीप त्यांच्या बाजूला कलली. त्यांनी डावा पाय आत घातला, श्वास ओढला आणि स्वतःला स्टेरिंगमागे सरकवलं. अर्धे गेले. हॉर्न वाजायला लागला. वस्ताद पुढं जाईनात आणि मागं येईनात, आणि हॉर्न थांबेना. डेअरीची दोन वासरं दावं तोडून पळाली. शेवटी जे आठ जण मघाशी जीप ढकलत होते, त्यांनीच वस्तादांना ओढून बाहेर काढलं.

वस्ताद कट्ट्यावर बसले आणि पाणी प्यायले. माणूस तालमीतला होता. हरलेली कुस्ती मान्य करायची सवय होती.

"मर्दाचा शब्द हाय," ते म्हणाले. "जवर मला ह्यात बसाय येत न्हाय, तवर गाडी तुमची. ज्या दिवशी बसंन, त्या दिवशी न्हेणार."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. पारूबाईंनी वाजवल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच गवंड्याला बोलावलं. "तुजं आबा रोज त्या गाडीकडं बघून तोंड पाडून बसणार, त्यापरास एक वीट गेल्याली बरी," त्या संघर्षला म्हणाल्या. भिंत चार इंची होती. बंपरच्या उंचीवरच्या विटा काढल्या आणि जीप आत गेली. शटर जमिनीला टेकलं. संघर्षने मोजलं, बरोबर एक इंच सैल. आता जीपचा बंपर स्वयंपाकघरात दिसतो आणि त्यावर पारूबाई फडकी वाळत घालतात.

चौदा एप्रिलला फोटो दादासोंच्या जीपमधून गेला. दादासोंनी गॉगल लावला होता, पण तो दोनदा काढून डोळे पुसावे लागले. धूळ होती, असं ते म्हणाले. उघड्या जीपला धूळ लागतेच.

दुकानात आता नवी कोरी टेप आहे. मे महिन्यात वस्ताद मापाला आले तेव्हा दादासोंनी तीच काढली. वस्तादांनी हात आडवा केला.

"ही नको. त्या उस्तादांच्या टेपनंच घ्या माझं. अन् दोन एकदाच वजा करा. पॅन्टीत बोटं गेली न्हाईत की मला दिवसभर गोड लागत न्हाय."

पंधरा दिवसांनी ट्रायल झाली. वस्तादांनी आरशासमोर दोन बोटं कमरेत घातली आणि खूश होऊन वळले.

"बघा! ह्या टायमाला खरंच उतरलोय असं वाटतंय. पुढल्या म्हयन्यात जीपमदी बसून बघू काय?"

दादासोंनी जुनी टेप नीट गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"बघू की, वस्ताद. घाई काय हाय?" ते म्हणाले, आणि फोन उचलून घरी लावला. "पारू, वस्ताद आल्यात. जेवूनच जातील. मटण टाक, अन् भाकरी दोन जास्ती कर."