वीसपट झोपेचं झाड

झोपेच्या औषधासाठी ज्या झुडपाचा पूर्वी ढीगभर पाला लागायचा, त्याच्या जनुकांत मी असा बदल केलाय, की ते आता वीसपट औषध तयार करतं! आहे कुणाची टाप? पण घरात कौतुक शून्य. सासूबाई सगळ्यांना सांगतात, "जावईबापू पाला लावतात."

म्हणून प्रयोगशाळेत घरच्यांना बोलवायचा दिवस आला, तेव्हा ठरवलं, आज यांना गप्पच करायचं! त्याच दिवशी संचालकसाहेब माझ्या कामाच्या मुदतवाढीवर सही करणार होते. नाही केली, तर झाडं भट्टीत आणि मी घरी.

"साधं झाड आणि बदललेलं झाड आम्ही तुलनेसाठी शेजारीशेजारीच वाढवतो," मी काचघरात सांगत होतो. "पांढरी चिठ्ठी साध्याला, लाल..."

मागे वळून बघतो तर सासूबाईंचं तोंड हलतंय!

"काय खाताय?"

"पान. चावल्याशिवाय झाड कळतं होय? कडूजहर आहे हो!"

"किती खाल्लीत?"

"चार-पाच. पहिल्यात नीट चव कळेना."

वीसपट गुणिले पाच! वर्षानुवर्षं रात्रभर टक्क जागणाऱ्या या बाई आता कायमच्या झोपणार!

"थुंका! आधी थुंका!"

"चारचौघांत?" म्हणत त्या तरातरा सभागृहात गेल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. मी डॉक्टरांना फोन करून धावत पोचलो. व्यासपीठावर साहेब संस्थेची ध्येयधोरणं समजावत होते. तिसऱ्या ध्येयाला सासूबाईंची मान कलली. चौथ्याला घोरणं सुरू!

"विषबाधा!" मी किंचाळलो. "माझ्या झाडाची पानं खाल्लीत यांनी!"

"आईला पानं खायला घातलीस?" बायको माझ्या अंगावर धावून आली. मला तर रडूच फुटलं.

साहेब मात्र आनंदाने खाली उतरले. "म्हणजे झाड काम करतंय! आणा तो कागद!"

डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळे पाहिले. "ठणठणीत आहेत. नुसती गाढ झोप."

साहेबांनी पेन टेकवलं, तोच माझी सहकारी कुंडी घेऊन धापा टाकत आली. "अहो, खाल्लेली कुंडी ही! पांढऱ्या चिठ्ठीची! लाल चिठ्ठीला कुणी हातही लावलेला नाही!"

"साधं झाड?" मी बघतच राहिलो. "त्याच्या पाच पानांनी डाससुद्धा पेंगणार नाही! मग या झोपल्या कशाने?"

तेवढ्यात सासूबाईंनी डोळे उघडून मस्त आळस दिला.

"अगंबाई, किती वर्षांनी डोळा लागला! जावईबापू, ते पाला वगैरे राहू द्या. त्या साहेबांचं भाषण तेवढं माझ्या फोनवर भरून द्या. रोज रात्री लावत जाईन."

साहेब माझ्या शेजारीच उभे होते. मुदतवाढीच्या कागदावर त्यांची अर्धी सही झाली होती. ती अजून अर्धीच आहे.