सोळा बोल्ट आणि एक मावशी

एका जंगलात, बाळांनो, डांबरी रस्ता झाला. रस्ता झाला म्हणून गाड्या आल्या, आणि गाड्या आल्या म्हणून ही गोष्ट आली. तेव्हा नीट ऐका आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. साळिंदराचे पाय ब्रेकपर्यंत पोचतात का, हा प्रश्न तर मुळीच नको. पोचतात.

तर या जंगलात सदोबा नावाचं एक साळिंदर राहायचं. स्वभावाने गरीब, पण वस्तू जपण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. घरातल्या रिमोटवर प्लास्टिक. ते प्लास्टिक मळू नये म्हणून त्यावर रुमाल. भिंतीवरच्या घड्याळातले सेल त्याने काढून ठेवले होते, कारण काटे फिरून फिरून झिजतात. वेळ बघायची असली की तो शेजारी जायचा.

अशा या सदोबाने एक दिवस गाडी आणली. नवी कोरी, पांढरी शुभ्र. चैन म्हणून नव्हे हं. आईसाठी आणली.

आईला सगळं जंगल गोदाक्का म्हणायचं. तिचे गुडघे गेले होते. तिची धाकटी बहीण चंद्रा, म्हणजे सदोबाची मावशी, पलीकडच्या डोंगरावर राहायची. सात वर्षं दोघींची भेट नव्हती. आणि मावशीचा निरोप आला होता, "अक्का, डोळ्यांपुढे धुकं धरलंय. वैद्य म्हणतात, महिनाभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. त्याआधी तुझं तोंड एकदा बघायचंय."

निरोप ऐकून गोदाक्का रडली. सदोबाही रडला. त्याचं आईवर खरंच प्रेम होतं, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही त्याला नावं ठेवाल. दुसऱ्याच दिवशी तो शोरूममध्ये गेला आणि गाडी घेऊन आला. काट्यांनी सीटवरचं प्लास्टिक फाटू नये म्हणून रस्ताभर पुढे वाकून, स्टिअरिंगवर हनुवटी टेकून त्याने गाडी चालवली.

दारात गाडीची पूजा झाली. तिथली रीत अशी की चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, चाकांना हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी चाकांवर शिंपडायचं. हे एकदाच करायचं असतं. पण सदोबाची बायको मंजुळा भारी भाविक. एवढी मोठी गाडी एका दिवसाच्या पूजेवर कशी निभावेल, असं तिच्या मनाने घेतलं. मग ती रोज सकाळी न्हाऊन, तांब्याभर पाणी आणि एक नारळ घेऊन अंगणात यायची आणि चारी चाकांना यथासांग अभिषेक घालायची. घरात रोज नारळाच्या वड्या व्हायला लागल्या.

गोदाक्काने मावशीसाठी डिंकाचे लाडू केले. लाडवांचा डबा पिशवीत घालून, नवं लुगडं नेसून ती रोज सकाळी पायरीवर येऊन बसायची.

"निघायचं का रे, सदू?"

"पूजेचे अकरा दिवस होऊ देत, आई," मंजुळाच उत्तर द्यायची. "एवढ्यात मोडता नको घालायला."

बाराव्या दिवशी निघायचं ठरलं. सदोबा रुमाल घेऊन गाडीभोवती फिरत होता. काच पुसली. आरसे पुसले. पुढच्या चाकापाशी वाकला आणि तिथेच थबकला. चाकाच्या मधोमध चार बोल्ट असतात ना, त्या चारींच्या डोक्यावर तांबूस डाग होते. त्याने बाकीची तीन चाकं पाहिली. सोळाच्या सोळा बोल्टांवर गंज चढला होता.

"मंजुळे," तो मटकन खाली बसत म्हणाला, "गाडी गेली."

"अगंबाई, कुठे गेली? ही काय समोर उभी आहे," मंजुळा म्हणाली.

धोंडू वानराला बोलावणं धाडलं. धोंडू म्हणजे जंगलातला मिस्त्री. तो त्याच्या जीपमधून आला. ती जीप मुळात कुठल्या रंगाची होती ते आता धोंडूलाही आठवत नव्हतं. तळाचा पत्रा गेलेला, त्यामुळे बसणाऱ्याला खालचा रस्ता स्वच्छ दिसायचा.

धोंडूने वाकून पाहिलं. नखाने एक डाग खरवडला. मग वडीचा एक तुकडा तोंडात टाकला.

"हा नुसता वरवरचा गंज आहे, सदोबा. लोखंडाच्या डोक्यावर रोज पाणी ओतलं की येतोच. आतून बोल्ट ठणठणीत आहे. तारेचा ब्रश घ्या, दोन हात मारा, पुसा, वरून जरा रंग लावा. नाहीतर प्लास्टिकची टोपणं मिळतात, ती बसवा. तेही नको असेल तर काहीच करू नका, गाडी म्हातारी होईस्तोवर बोल्टांना काही होत नाही. आणि वहिनी, नारळ खा. चाकांना पाजू नका."

एवढं बोलून तो गेला. सदोबाला हे काही पटलं नाही. एवढ्या मोठ्या संकटावर एवढासा उपाय? आणि सांगतो कोण, तर ज्याच्या जीपला हात लावला तर हात धुवावा लागतो तो.

मग त्याने मोबाइल उघडला. मोबाइलवर एक घुबड होतं. गाड्यांविषयी त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त गाडी चालवता येत नव्हती.

"मित्रांनो," घुबड म्हणालं, "जो गंज दिसतो त्याला भिऊ नका. जो दिसत नाही त्याला भ्या. आज बोल्ट, उद्या चाक, आणि परवा तुम्ही."

सदोबाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. घाट लागलाय. आई मागे बसलीय, मांडीवर लाडवांचा डबा. आणि आपल्याच गाडीचं एक चाक आपल्या पुढे पुढे पळत चाललंय. त्याला दरदरून घाम फुटला.

"आई, आज नको," तो म्हणाला. "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

गोदाक्काने पिशवी उचलली आणि आत गेली.

मंजुळाने गंजाची शांती करायचं ठरवलं. एकवीस नारळ. सगळ्यांचं पाणी थेट बोल्टांवर. दुसऱ्या दिवशी गंजाचे ओघळ चाकावरून खाली आले. "बघितलंत? केवढा आत मुरला होता," ती म्हणाली. "पूजेनं बाहेर काढला." आणि तिने आणखी एकवीस नारळ सांगितले.

हसू नका रे. तुमच्या घरी काय कमी चालतं?

सदोबाने मात्र आता स्वतः लक्ष घातलं. गाडी विटांवर चढवली, चाकं काढली आणि सोळा बोल्ट तांदळाच्या डब्यात पुरले. भिजलेला मोबाइल तांदळात ठेवला की तांदूळ ओल ओढून घेतो, हे त्याने ऐकलं होतं. तांदळाने ओल किती ओढली ते देव जाणे, पण घरात तीन दिवस तांबूस भात झाला. मंजुळा त्याला केशरीभात म्हणाली आणि सगळ्यांना मुकाट्याने खावा लागला.

शेवटी त्याने शहरातून न गंजणारे सोळा बोल्ट मागवले. पार्सल आलं. प्रत्येक बोल्ट वेगळ्या कागदात गुंडाळलेला. सदोबाने एक उघडला. आरशासारखा लखलखत होता. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

आता हे चाकांना लावायचे म्हणजे रस्त्यावर न्यायचे. रस्त्यावर चिखल, धूळ, गाईगुरं. सदोबाने पाना उचलला. पाना खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग सोळाही बोल्ट पुन्हा कागदात गुंडाळले, मखमलीच्या डबीत घातले आणि डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पायरीवर गोदाक्का बसली होती. लाडू दगड झाले होते. मावशीच्या महिन्यातले दोन दिवस उरले होते.

"सदू, गाडीला चाकं असतात ना रे?"

"आहेत, आई. माळ्यावर आहेत."

गोदाक्का पिशवी घेऊन उठली. काठी टेकत टेकत, दर चार पावलांना थांबत ती रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात खडखडाट करत धोंडूची जीप आली.

"धोंडू, डोंगराकडे चाललास का?"

धोंडूने तिच्याकडे पाहिलं, तिच्या नव्या लुगड्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. तो बाजारात चालला होता. "तिकडेच चाललोय," तो म्हणाला. "बसा."

सदोबा धावत आला. "आई, उतर. त्या जीपला गंज चढलाय."

"माझ्या गुडघ्यांनाही चढलाय रे," गोदाक्का म्हणाली. "चल, धोंडू."

पुढचं सदोबाने पाहिलं नाही. मी सांगतोय म्हणून तुम्हाला कळतंय.

जीप डोंगरावर पोचली. चंद्रामावशी दारात उभी होती. तिने दोन्ही पंजांनी बहिणीचं तोंड धरलं आणि अगदी जवळ नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दिसतेस गं, अक्का," ती म्हणाली. "अजून दिसतेस." दोघी पोटभर रडल्या, आणि धोंडूला उगीचच जीपचं टायर तपासावंसं वाटलं.

मग मावशीने जीपकडे डोळे बारीक करून पाहिलं. धुक्यातून तिला काहीतरी मोठं, फिकट दिसलं.

"गाडी छान आहे हो. सदूची का?"

गोदाक्काने धोंडूकडे पाहिलं. धोंडूने आभाळाकडे पाहिलं.

"सदूचीच," गोदाक्का म्हणाली. "नवी कोरी आहे. माझ्यासाठीच घेतली त्याने."

लाडू फोडायला वरवंटा आणावा लागला. पण खाल्ले दोघींनी.

दोन दिवसांनी धोंडूने गोदाक्काला परत आणून सोडलं. सदोबा फाटकात वाट पाहत उभा होता. दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आईला धडधाकट उतरताना बघून त्याचे डोळे भरून आले. त्याने तिची पिशवी घेतली.

"मावशीला दिसलीस ना गं?"

"दिसले."

"आणखी काय म्हणाली?"

"सदूची गाडी छान आहे म्हणाली."

सदोबाने फाटक लावून घेतलं. मग तो आईच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "बोल्टांचं काही म्हणाली का?"

तात्पर्य: बोल्टांवर गंज चढू द्यायचा नसेल तर चाकं माळ्यावर ठेवावीत, बोल्ट कपाटात ठेवावेत आणि आईला शेजाऱ्याच्या गंजक्या जीपमध्ये बसवावं. श्रेय आपल्यालाच मिळतं.