हजार निट्सचे दादा

उजेड कितीही असला तरी सगळ्यांना पुरत नाही, आणि जे सगळ्यांना पुरत नाही त्याचं वाटप अनुभवी माणसाच्या हाती असावं, हे सार्वजनिक जीवनाचं जुनं तत्त्व आहे. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, असे अनुभवी गृहस्थ म्हणजे गुरुदत्तदादा. दादा भावी नगरसेवक आहेत. गेल्या तीन निवडणुकांपासून ते भावी आहेत, आणि एका पदावर इतका टिकलेला दुसरा माणूस आसपास सापडायचा नाही. (निवडून आलेले लोक पाच वर्षांत माजी होतात. भावी माणसाला तो धोका नसतो.)

संतोष हा दादांचा शुभेच्छुक. तसा तो अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता, पण ते पोटासाठी. वाढदिवसाच्या बॅनरवर दादांच्या भल्यामोठ्या फोटोखाली जे लहान लहान चेहरे ओळीने मांडलेले असतात, त्यांतला एक चेहरा त्याचा होता. शुभेच्छुक व्हायला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट लागतो आणि त्याहून कडक धीर लागतो. पहिल्या वर्षी बॅनर बांधायची दोरी नेमकी संतोषच्या नाकावरून गेली. पुढच्या वर्षी त्याच्या नावावर दुसऱ्याच माणसाचं तोंड छापून आलं, आणि तो माणूस रस्त्यात भेटला की संतोषचे आभार मानू लागला. मग एका पावसाळ्यात नदीचं पाणी घरांत शिरलं. तेव्हा दादांचं नाव चिकटवलेले बिस्किटांचे पुडे डोक्यावर घेऊन संतोष कमरेएवढ्या पाण्यातून घरोघर फिरला. दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "यंदा तू दुसऱ्या ओळीत. शब्द दिला."

हा शब्द यंदा सोन्यासारखा होता. अंबरनाथच्या रामभाऊंच्या नोकरी करणाऱ्या मुलीचं, किर्तीचं, स्थळ संतोषला सांगून आलं होतं. बघायला गेले तेव्हा किर्तीने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, "साखर कमी असेल तर सांगा. लाजून पिऊ नका." साखर कमीच होती. संतोष काही बोलला नाही, पण त्या वाक्यापासून त्याला ती आवडली, आणि घरी येईपर्यंत फार आवडली.

रामभाऊ व्यवहारी होते. ते म्हणाले, "नोकरी कळली, घर कळलं. पण मुलाला चार माणसं ओळखतात का?"

संतोषची आई रखमा जराही न अडखळता म्हणाली, "दादांच्या बॅनरवर असतो तो. यंदा दुसऱ्या ओळीत आहे."

"मग वाढदिवसाला येतो," रामभाऊ म्हणाले. "बॅनर बघतो, मग पुढचं बोलू."

एवढं सगळं त्या दुसऱ्या ओळीवर येऊन थांबलं होतं.

आता, यंदा रस्त्यावर फ्लेक्स लावण्याबाबत वातावरण जरा कडक होतं. दादांनी मागे न हटता काळाबरोबर जायचं ठरवलं. बॅनर स्क्रीनवर दाखवायचा आणि स्क्रीन जनसंपर्क कार्यालयाच्या काचेत ठेवायची. स्क्रीन कोणती घ्यायची हे ठरवायला एक तांत्रिक समिती नेमली गेली. तिच्यात दादांचा भाचा जितेश होता. (समितीत आणखी कुणी नसल्यामुळे तिचे सगळे निर्णय एकमताने झाले.) जितेशने दोन वर्षं नोकरी न करता संगणकावर लढाया केल्या होत्या, त्यामुळे त्याचा अभ्यास दांडगा होता. त्याने ओएलईडी गेमिंग मॉनिटरची शिफारस केली. बॅनरला गेमिंग मॉनिटर कशाला, असं कुणी विचारलं नाही. वाढदिवस झाल्यावर तो कुणाच्या खोलीत जाणार, हेही विचारायचं राहून गेलं.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दुकानदार धर्मेशशेठने खोक्यावर बोट ठेवून सांगितलं, "हजार निट्स है दादा, हजार! दूसरों का तो चारसौ में दम निकल जाता है." निट म्हणजे उजेड मोजायचं माप, हे दादांना तिथेच कळलं. आपण आजवर किती निट्सचे होतो, हा विचार घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यातून गेला नाही. मॉनिटर बत्तीस इंची होता. जुन्या फ्लेक्सवर दादांची नुसती चप्पल याहून मोठी यायची, पण चपलेला निट्स नव्हते.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधी चाचणी झाली. जितेशने मॉनिटरला हळदकुंकू वाहू दिलं, नारळ मात्र बाहेर फोडायला लावला. मग बॅनर लावला. मधे दादा, खाली बेचाळीस शुभेच्छुक, सगळे पांढऱ्या शर्टात. मॉनिटरला दोन मोड होते, एक चारशेचा आणि एक हजाराचा. चारशेवर सगळे स्वच्छ दिसले. दुसऱ्या ओळीत संतोष दिसला, त्याची नवी मिशीसुद्धा दिसली. दादाही दिसले, पण इतरांसारखेच दिसले, आणि ते त्यांना जिव्हारी लागलं.

"हजार लाव," ते म्हणाले.

जितेशने हजार लावलं, आणि सगळा बॅनर संध्याकाळ झाल्यागत मावळला.

"हे हजार?" दादा ओरडले. "हे तर चारशेपेक्षा काळं आहे! त्या धर्मेशला फोन लाव."

"मामा, तसं नाही ना," जितेश म्हणाला. "मॉनिटरची पॉवर ठरलेली असते. हजार फक्त छोट्याशा जागेला भेटतात. सगळीकडे पांढरं आलं की तो सगळ्यांचाच उजेड कापतो. चारशेवाल्या मोडमध्ये सगळ्यांना बरोबर भेटतं, पण मग कोणी चमकत नाही. दोन्ही एकत्र नाही होत."

दादांनी एक प्रश्न विचारला. मोठ्या माणसाची दृष्टी अशा प्रश्नांतूनच दिसते. "मग माझा उजेड खातंय कोण?"

त्यावर सखोल चौकशी झाली. उजेडाचा सर्वांत मोठा वाटा शुभेच्छुकांच्या शर्टांत जात असल्याचं आढळून आलं. बेचाळीस जणांनी काळे शर्ट आणून फोटो पुन्हा काढून घेतले. दादांच्या कपाळावर किंचित तेज आलं. मग चौकशीचा रोख दातांकडे वळला, तेव्हा सगळ्यांनी तोंड मिटून फोटो काढले. (सदिच्छा मिटल्या तोंडानेही देता येतात, किंबहुना तशाच टिकतात.) त्यानंतर गाल. शुभेच्छुकांचे चेहरे संगणकावर सरसकट निम्म्याने काळवंडण्यात आले. याला कुणी हरकत घेतली नाही, कारण सरसकट या शब्दात एक न्याय असतो.

तरी दादांच्या निट्सचा आकडा सहाशेच्या पुढे सरकेना. शेवटी जितेशने भीतभीत सांगितलं, "मामा, आता प्रॉब्लेम तुमचा आहे. तुम्ही अर्ध्या स्क्रीनवर आहात. बारीक व्हावं लागेल."

दादांनी तेही मान्य केलं, हे इथे नमूद करायला हवं. लोकांसाठी लहान होणारे नेते पुष्कळ असतात, उजेडासाठी लहान झालेले हे पहिलेच. ते अर्ध्या स्क्रीनवरून पाव स्क्रीनवर आले, तिथून पत्त्याएवढे झाले, तिथून काडेपेटीएवढे. प्रत्येक पायरीला तेज वाढत होतं आणि कार्यालयात टाळ्या पडत होत्या. अखेर ते बटणाएवढे झाले आणि शुभेच्छुकांचे चेहरे पुरते विझवले, तेव्हा हजार निट्स पूर्ण भरले. त्या ठिपक्याकडे डोळे मिचकावल्याशिवाय बघवत नव्हतं. तो ठिपका म्हणजे दादाच, हे माहीत असलेल्या माणसाला लगेच ओळखू येत होतं. माहीत नसलेल्याचा दादांना तसाही उपयोग नव्हता.

पण लोकशाही आहे. कुणी नंतर काही बोलू नये म्हणून दादांनी सभा बोलावली आणि विषय खुला ठेवला. चारशे घेतलं तर सगळे दिसतील. हजार घेतलं तर दादा चमकतील आणि बाकीचा बॅनर संपूर्ण काळा राहील, कारण ओएलईडीचा काळा म्हणजे खरोखरच काळा, तिथे दिवाच लागत नाही. मतदान मोकळेपणाने व्हावं म्हणून दादा स्वतः समोर खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने बघू लागले.

"चारशेवाले हात वर करा," जितेश म्हणाला.

संतोषचा हात मांडीवर होता. त्याच्या डोळ्यांसमोर चष्मा पुसत बॅनर शोधणारे रामभाऊ आले, त्यांच्यामागे उभी असलेली किर्ती आली. फक्त एक हात आधी वर जाऊ दे, म्हणजे दुसरा आपला, असं त्याने पक्कं ठरवलं. शेजारी बसलेल्या किसनने हात जरा उचलला, तेव्हा संतोषने बाही सारखी केली. किसनने कान खाजवला आणि हात खाली घेतला.

"चारशे, शून्य. हजारवाले?"

बेचाळीस हात वर गेले. त्यांत संतोषचाही होता. त्याला रडू येईल असं वाटत होतं, पण हात चांगला उंच होता. सभेने दादांचं मोठं मन आणि शुभेच्छुकांचा त्याग यांची नोंद घेऊन चहा घेतला.

वाढदिवसाला संध्याकाळी रामभाऊ आले, सोबत किर्ती होती. कार्यालयाबाहेर गर्दी होती, आणि लोक काचेतल्या ठिपक्याला लांबून नमस्कार करून डोळे चोळत होते. रामभाऊंनी चष्मा घातला. "यात तू कुठं रे?"

"इथं," संतोषने काळ्या काचेवर बोट टेकवलं. "दुसऱ्या ओळीत, उजवीकडून पाचवा."

रामभाऊ वाकले, अजून वाकले. "इथं तर मीच दिसतोय," ते म्हणाले, आणि आलोच आहोत तर म्हणून त्यांनी त्या काचेत टोपी नीट केली.

संतोषने मग झाला प्रकार सांगितला, मोड, शर्ट, दात, सभा, सगळं. काही लपवलं नाही. रामभाऊ ऐकता ऐकता खूश होत गेले. ज्याने वरच्या माणसासाठी स्वतःचा चेहरासुद्धा ठेवला नाही, तो सासऱ्याला कधी उलटून बोलणार नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "मुलगा ऐकणारा आहे," ते म्हणाले. "आपल्याकडून होकार समजा."

किर्तीने विचारलं, "सभेत तुमच्या मनात काय होतं?"

"चारशे," संतोष म्हणाला.

"मग?"

"वाटलं, कुणीतरी आधी हात वर करेल."

किर्तीने त्या ठिपक्याकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून मान वळवली. ते पाणी हजार निट्सचं होतं की कसलं, हे संतोषला कळलं नाही. "उद्या तुमच्या घरात मला कुणी नोकरी सोड म्हणालं," ती हळू आवाजात म्हणाली, "तर तेव्हाही तुम्ही कुणाच्या तरी हाताची वाट बघाल. फोटो नाही दिसला त्याचं मला काही नाही हो. खरंच नाही. पण माझा नकार आहे."

त्यावर अंबरनाथला रामभाऊंच्या घरीही एक बैठक झाली. होकाराला वडील, आई, काका आणि मामा असे चार, आणि नकाराला एक. चौघांनी तिच्याकडे बराच वेळ बघून पाहिलं, पण तो एक हात खाली आला नाही. स्थळ मोडलं. रखमाला फार लागलं, आणि संतोषला त्याहून लागलं. तो अजूनही शुभेच्छुक आहे, आणि पुढच्या वर्षी पहिल्या ओळीत आहे.

आता तुम्हाला संतोषचा राग आला असेल. तुम्ही त्याच्या जागी असतात तर सरळ चारशेला हात वर केला असतात, यात शंका नाही. त्या सभेला घरून निघताना बेचाळीसच्या बेचाळीस जणांना स्वतःबद्दल अगदी हेच वाटत होतं. राहता राहिलं एवढंच, की तुमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत शेवटचा ठराव एकमताने मंजूर झाला, तेव्हा तुमचा हात कुठे होता, हे तुम्हाला अजून कुठल्या किर्तीने विचारलेलं नाही.