बावीस उंदीर आणि नत्थूजींचा गुडघा

वेदना उपयुक्त असते. मात्र तिचा उपयोग सिद्ध व्हायचा तर ती दुसऱ्याला व्हावी लागते. हे तत्त्व नागपुरातल्या एका संशोधन केंद्रात १९७८ साली बावीस उंदरांच्या सहकार्याने सिद्ध झालं. (सहकार्य लेखी घेतलेलं नव्हतं.)

पद्धत सोपी. बावीसही उंदरांचे गुडघे औषध टोचून सुजवायचे. त्यातल्या अकरांच्या पंज्याच्या नसेला दिवसातून दोनदा विजेचा चटका द्यायचा, बाकीच्यांना नुसतं बसू द्यायचं. आठवड्याने चटकेवाल्यांची सूज निम्म्यावर आली. बसलेल्यांची होती तशीच राहिली. विभागप्रमुख मधुकररावांनी निष्कर्ष काढला: एकीकडे दुखवलं की दुसरीकडची सूज उतरते. दिल्लीच्या परिषदेत यावर चहाच्या आधीच टाळ्या पडल्या.

याच सुमारास उंदरांचं दाणापाणी पाहणारे शिपाई नत्थूजी यांनी अर्ज केला. उंदीरघर तिसऱ्या मजल्यावर, डावा गुडघा सुजलेला, निवृत्तीला चार वर्षं. तरी तळमजल्यावर बदली व्हावी. मधुकररावांनी शेरा मारला: ‘पायऱ्या चढताना अर्जदाराच्या पावलांस वेदना होते. विभागाच्या संशोधनानुसार ती गुडघ्यास हितकारक आहे. बदली केल्यास उपचारात खंड पडेल.’ इतका मायेचा नकार मी तरी सरकारी कागदावर पाहिलेला नाही.

असे तीन अर्ज झाले, तीन नकार झाले. चौथ्या वेळी नत्थूजी स्वतःच आले, जिन्यात दोनदा बसून.

“साहेब, सूज चटक्यानं नाही उतरली. त्या अकराइले मी रोज तेल चोळून राहिलो होतो. बायकोनं कढवून देल्लं होतं. कळवळत होते जी, पाहवत नव्हतं.”

मधुकररावांनी टेबलावरचा अंक उलटा ठेवला. निबंध छापून आला होता.

“मग स्वतःच्या गुडघ्याले काहून नाही लावलं?”

“पुरत नव्हतं, साहेब. अकरा जण होते.”

हे तपासायला केंद्राने नेमलेल्या समितीने दोन बैठकांत (दोन्ही वेळा चिवडा) निर्णय दिला: सदर तेलाचा उल्लेख कोणत्याही नियतकालिकात नसल्याने ते लावलेलं नाही, असं समजावं. नत्थूजींना पायऱ्यांखेरीज रोज दोन चटके मंजूर झाले, विनामूल्य. समितीचा सचिव मीच. सही करण्याआधी लाज वाटली. मग केली.

ही हकीकत मी नागपूरच्या महाल भागात सांगितली, काटोलला सांगितली. सगळीकडे लोक हळहळले आणि मग जवळ सरकून विचारू लागले, त्या तेलात काय काय घातलं होतं? तुम्हीही तेवढ्यासाठीच इथवर आला आहात. नत्थूजींचा गुडघा आता कसा आहे, हे अजून कोणी विचारलेलं नाही.