प्रतीक्षा यादीतला पहिला

दीपेशला घर लागलं हे कळलं तेव्हा गोवर्धनच्या हातात चहाची बशी होती. ती त्याने खाली ठेवली आणि परत उचलली नाही. दुर्बल घटकांच्या घरांची सोडत झाली होती आणि निकाल मोबाईलवर आला होता. खांदेश्वर स्टेशनजवळची नवी इमारत, सहावा मजला, आणि दीपेशच्या नावापुढे हिरवी खूण. गोवर्धनच्या नावापुढे पिवळी. पिवळी म्हणजे प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.

नुसतं न लागल्याचं दुःख गोवर्धनने पचवलं असतं. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी अर्ज भरले होते आणि जवळजवळ कुणालाच लागलं नव्हतं. सगळ्यांबरोबर हळहळण्यातही एक सुख असतं. पण दीपेशला लागावं? शेजारच्या खोलीतल्या, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या त्या पोराला? गोवर्धनने महिनाभर खेटे घालून एकेक दाखला गोळा केला होता. तो सादिकच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरायला बसला, तेव्हा दीपेश लायसनची झेरॉक्स काढायला आला होता. "माजा पन टाक ना सादिकभाई, आलोच हाय तर," असं म्हणून त्याने अर्ज भरला. फोटोसुद्धा सादिकने तिथेच मोबाईलवर काढला होता, आणि त्यात त्याचे डोळे मिटलेले होते.

"डोळे मिटलेल्या माणसाला घर लागलं," गोवर्धन बायकोला म्हणाला.

"लागू दे की. त्याचं नशीब," बायजा म्हणाली. ती मासळी बाजारात जायच्या घाईत होती. तिथे तिचा स्वतःचा ओटा होता. बाईच्या टोपलीतल्या पैशाबद्दल आणि बाईच्या डब्यातल्या सोन्याबद्दल पुरुषाने विचारायचं नाही, हा कोळ्यांच्या घरातला रिवाज गोवर्धनने लग्नापासून निमूट पाळला होता. तो तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता, पगार आणून बायजाच्या हातात देत होता आणि पुढचं तिच्यावर सोडून देत होता.

संध्याकाळी दीपेश आणि त्याची बायको मिताली पेढे घेऊन आले. "दादा, तुमचंच पुन्य," दीपेश वाकून पाया पडला. "तुमी त्या दिवशी दुकानात नसता तर मी अर्ज भरलाच नसता." गोवर्धनने आशीर्वाद दिला आणि पेढा खाल्ला. तो त्याला रात्रभर छातीत जाणवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सादिकने त्याला वेबसाईट उघडून दाखवली. "यंदा सगळं पारदर्शक हाय, दादा. विजेत्याचं नाव, उत्पन्न, फोटो, सगळं खुलं. कोन खोटं बोलला असेल तर पंधरा दिवसांत कोनीपन हरकत घेऊ शकतो. विजेता बाद झाला की घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला. म्हंजे तुमाला."

"आणि दुसरा कोण आहे?"

"मीच की," सादिक हसला. "तुमी एक, मी दोन."

गोवर्धनला एकदम पारदर्शकतेचं महत्त्व पटलं. गरिबांच्या घरात गरीबच राहिला पाहिजे, यासाठी नागरिकांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत, असं तो त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगत सुटला. स्वतःचे डोळे त्याने दीपेशच्या दारावर ठेवले. व्हॅनचे टायर नवे दिसले, म्हणून तो पहाटे उठून ते बोटाने चाचपून आला. मितालीने दोरीवर दोन पैठण्या वाळत घातल्या, तर त्याने काठ निरखून पाहिले. दीपेशच्या घरी पापलेट किती वेळा शिजतं हे तो वासावरून ताडू लागला.

"त्यांच्याकडं पापलेट मीच देते. उरलेलं," बायजा म्हणाली. "तुमी काय त्यांच्या खिडकीखाली उभे राहता? लोक बगतात."

टायरही जुनेच, रंगवून काळे केलेले निघाले. गोवर्धन अगदी निराश व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात दीपेशची बहीण पूर्वी हिची हळद आली.

हळदीला अख्खी गल्ली लोटली होती. मांडवात ढोल वाजत होते, बाया हिरव्या साड्यांत नाचत होत्या, आणि त्यांच्या मधोमध नवरीची वहिनी म्हणून मिताली मिरवत होती. तिच्या गळ्यात चंद्रहार होता. चार पदरी, बेंबीपर्यंत लोंबणारा, मधे तळहाताएवढं पदक. गोवर्धन गर्दीतून पुढे सरकला. हा दुर्बल घटक? त्याने मोबाईल काढला. समोरून फोटो काढले, बाजूने काढले, स्टुलावर चढून वरून काढले. पदकाचा तर अगदी जवळून काढला, तेव्हा मितालीने हौसेने पदक हातात धरून दाखवलं.

"गोवर्धनभाऊजी किती हौशीनं फोटो काडतात बगा," एक म्हातारी कौतुकाने म्हणाली. बायजा तेव्हा मागच्या दारी मटणाच्या टोपाशी होती. तिने हे काहीच पाहिलं नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच गोवर्धन सादिकच्या शटरसमोर उभा होता. सादिकने फोटो पाहिले आणि डोकं खाजवलं. "दादा, राहू द्या. शेजार हाय. आनि हरकतदाराचं नाव, फोटो, पुरावा, सगळं वेबसाईटवर दिसतं. सुनावनी तर लाईव्ह असते."

"दिसू दे. मी काय चोरी केली आहे?"

"वहिनींना एकदा विचारून घ्या."

"बायकांना कशाला विचारायचं? तू टाईप कर. 'सदर विजेत्याने उत्पन्न लपवले असून त्याच्या पत्नीच्या अंगावरील दागिना पाहता...'"

सादिकने टाईप केलं. पाठवायचं बटण दाबण्याआधी त्याने पुन्हा एकदा गोवर्धनकडे पाहिलं. गोवर्धनने स्वतःच बोट पुढे करून ते दाबलं.

हरकत त्याच दिवशी वेबसाईटवर चढली आणि दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोचली. दीपेशने बोलणं टाकलं. मिताली पाण्याला आली तरी मान वर करीना. बायजाने दोनदा तिला हाक मारली, पण बायजाही नवऱ्याला सामील आहे असं वाटून ती आत निघून गेली. बायजाकडे साधा बटणाचा फोन होता, आणि तिच्यासमोर विषय काढायची कुणाची छाती नव्हती. मितालीला एवढं काय झालं, हे तिला कळेना. गोवर्धनला मात्र सगळं कळत होतं. त्याला रात्री गाढ झोप लागत होती आणि स्वप्नात सहाव्या मजल्यावरचं वारं येत होतं.

सुनावणी मासळी बाजारामागच्या समाजमंदिरात ठेवली होती. पारदर्शकतेचा नियम असा की, सुनावणी लोकांमध्ये, मोठ्या पडद्यावर पुरावे दाखवून व्हायची. खुर्च्या कमी पडल्या. अधिकारी बाई मृदू स्वभावाच्या होत्या. त्यांनी आधी पडद्यावर पुरावा दाखवला. मितालीच्या गळ्यातला चंद्रहार भिंतभर पसरला आणि मागच्या रांगेतल्या बाया "अगो बाय" म्हणाल्या.

"हा दागिना तुमचा आहे का?" बाईंनी विचारलं.

मिताली रडवेली झाली. "नाय मॅडम. हळदीपुरता मागून आनलेला. दुसऱ्या दिवशी परत पन दिला."

"कोणाचा?"

"बायजाताईचा. यांच्याच घरचा," तिने गोवर्धनकडे बोट दाखवलं.

गोवर्धन ताडकन उठला. "साफ खोटं, मॅडम. माझ्या घरात असला हार असता तर मला माहीत नसता का? गरीब माणूस आहे मी. माझ्या बायकोच्या गळ्यात काळी पोत आहे फक्त."

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. शेजारच्या ओट्यावरच्या गिरजाबाईने मुलाच्या मोबाईलवर सुनावणी लावली होती आणि बायजाला हाक मारली होती, "बाय, तुजा हार पडद्यावर दावतात, आनि तुजा नवरा सांगते तो मितालीचा हाय." बायजा तशीच, ओल्या हातांनी, पदर खोचलेली, बाजारातून चालत आली होती. हरकत कसली, घर कुणाचं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. आपला हार दुसरीच्या नावावर चढतोय, एवढंच तिला कळलं होतं आणि तेवढंच तिला सहन होत नव्हतं.

"हार माझा हाय," ती पडद्याकडे हात करून म्हणाली. "पदकाच्या मागं माझं नाव हाय कोरलेलं. यांना काय माहीत? यांनी कधी डबा उघडून बघितला काय?"

हशा पिकला. अधिकारी बाईही हसल्या, पण कागद पुढे ओढून म्हणाल्या, "ठीक आहे, ताई. म्हणजे हरकत बाद. फक्त नोंदीसाठी सांगा, एवढा हार कशातून केलात?"

गोवर्धन घाईने मधे आला. "बायजा, तू जा, गिऱ्हाईक खोळंबलं असेल," तो म्हणाला.

पण बायजाला आता मितालीपुढे, गल्लीपुढे आणि मोबाईलवर पाहणाऱ्या सगळ्या बाजारापुढे हिशेब चुकता करायचा होता. "उधारीचा नाय मॅडम. माहेरी, दिवाले गावात माझी खोली हाय. बाबानं मरताना माझ्या नावावर केली. तिच्या भाड्यातून केला."

बाईंचं पेन थांबलं. "तुमच्या नावावर?"

"माझ्याच."

"कच्ची असेल."

"कच्ची कशाला? स्लॅबची हाय," बायजा दुखावून म्हणाली. "वर पान्याची टाकी पन हाय."

ती खोली सासऱ्यांची आणि आता मेव्हण्यांची, असं गोवर्धन आजवर समजत आला होता. कधी विचारलं नव्हतं. पती किंवा पत्नीच्या नावावर कुठेही पक्कं घर नसावं, ही अट मात्र त्याला तोंडपाठ होती, कारण गेले दहा दिवस तो ती सगळ्यांना ऐकवत होता. बाईंनी त्याच्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं आणि लिहिलं. संध्याकाळी वेबसाईटवर त्याच्या नावापुढची पिवळी खूण लाल झाली.

घरी बायजाला सगळा प्रकार कळला तेव्हा तिने हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "घर पाहिजे होतं तर मला सांगायचं होतं. दिवाल्याला जाऊन राहिलो असतो." गोवर्धन भिंतीकडे तोंड करून पडला. त्या रात्री ती मितालीकडे जाऊन आली, आणि येताना तिचे डोळे लाल होते.

महिन्याभराने, कुणीही कुणावर हरकत न घेता, सहाव्या मजल्यावरच्या एका विजेत्याने आपणहून घर सोडलं. त्याची नोकरी दुसऱ्या गावी गेली होती. घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याकडे गेलं. पहिला आता सादिक होता. बातमी सांगायला तो पेढे घेऊन आला तेव्हा त्याला नीट हसताही येत नव्हतं. "दादा, मी तुमाला दोनदा बोललो होतो," तो म्हणाला. गोवर्धनला ते नाकारता येईना, आणि त्याला दुसरा पेढा खावा लागला.

दीपेश आणि सादिक समोरासमोरच्या दारांत आले. एकाच रविवारी दोघांनी गल्लीला जेवायला बोलावलं. गोवर्धनला जायचं नव्हतं, पण बायजाने शर्ट काढून ठेवला होता. सहाव्या मजल्यावर खरोखरच वारं होतं, स्वप्नातल्यापेक्षा थोडं जास्तच. मिताली आणि सादिकची बायको नफिसा जिन्यापाशी एकत्र उभ्या राहिल्या, आणि कुणीतरी फोटोसाठी मोबाईल काढला.

"थांबा थांबा," दीपेश म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच गोवर्धनशी बोलत होता. "दादांना काडू द्या. दादांचे फोटो एकदम क्लियर येतात."

सगळे हसले. गोवर्धनने मान खाली घालून मोबाईल घेतला. त्या इमारतीतल्या प्रत्येक कडी-कोयंड्याचा त्याला हेवा वाटत होता. त्याने मोबाईल डोळ्यांसमोर धरला. मितालीच्या गळ्यात चंद्रहार होता. या खेपेला त्याने तो पाहताक्षणी ओळखला, आणि ऊर थोडा भरूनही आला. मग त्याची नजर नफिसाच्या हातांकडे गेली. दोन्ही मनगटांत जाडजूड पाटल्या होत्या.

तो मागे सरकून बायजाच्या कानाशी लागला. "आणि त्या पाटल्या कोणाच्या?"

बायजाने पदर सारखा केला. "तुमी फोटो काडा," ती म्हणाली. "हरकत मागून घ्या."