हरिपंत काही मागत नाहीत

हरिपंत सहा कैऱ्या घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आधी क्षमा असावी." कशाबद्दल, ते सांगितले नाही. ओसरीवर बसले, माझ्या प्रकृतीची चौकशी केली, आमच्या विहिरीची स्तुती केली, जपानात कोबे बंदरी विहिरी कशा असतात ते सांगितले आणि पुन्हा एकदा क्षमा मागून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तेच. फक्त कैऱ्यांऐवजी पपई.

"त्यांचा पोहरा विहिरीत पडलाय," आमचे कुटुंब आतून म्हणाले. "काढायला आपला गळ हवाय त्यांना."

"मग मागत का नाहीत?"

"काल मागितला, आज मागितला. तुम्हाला ऐकू येत नाही त्याला ते तरी काय करणार?"

मी गळ नेऊन दिला. हरिपंतांनी इतक्या वेळा क्षमा मागितली, की पोहरा मीच ढकलला असावा असे मला वाटू लागले.

हरिपंत मुंबईच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होते. व्यापाऱ्याने त्यांना दोन वर्षे कोबेला धाडले. तिथे एका अंगाला इंग्रज दलाल, दुसऱ्या अंगाला जपानी गिरणीवाले आणि मध्ये हरिपंत. ते तिकडे असतानाच इकडे कल्याणात त्यांची आई वारली. परतले तेव्हा घरात कोणी उरले नव्हते. समुद्र ओलांडल्याबद्दल गावाने त्यांना पंचगव्य पाजून शुद्ध करून घेतले, आणि अशा शुद्ध झालेल्या माणसाच्या घरी जेवायचे मात्र नाही, असे ठरवले.

जपानातून त्यांनी दोनच वस्तू आणल्या होत्या: एक तेलकागदाची छत्री आणि एक सिद्धान्त. छत्री ते क्वचित उघडत. सिद्धान्त रोज उघडत.

"इंग्रज सरळ मागतो, मास्तर. माझं एवढं काम करशील का? नाही म्हटलंत, तर टोपी उचलून दुसऱ्याकडे जातो. राग नाही, लोभ नाही. जपानी मागतच नाही. तो तुम्हाला होणाऱ्या त्रासाची आधी क्षमा मागतो, मग थंडीवाऱ्याचं बोलतो. काय हवंय ते तुम्ही ओळखायचं आणि आपणहून द्यायचं."

"आणि द्यायचं नसलं तर?"

"नाही म्हणायचं नाही! दातांतून श्वास आत ओढायचा आणि म्हणायचं, जरा अवघड आहे. तो समजतो. उलट तुमचीच क्षमा मागतो."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे? 'अहो, जरा शिडी नेतो हं' हे आपल्याला ऐकू येतं, तेव्हा शिडी शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली असते."

सिद्धान्त निर्दोष होता. अडचण एवढीच, की कल्याणात जपानी माणूस एकच होता.

एकदा सडकेच्या कामावरच्या इंजिनेरसाहेबाने त्यांना रस्त्यात गाठले. ठाण्याला साहेबलोकांचा बागेत काही समारंभ होता आणि मडमेला ती छत्री मिरवायची होती. साहेबाने सरळ मागितली. हरिपंतांनी दातांतून श्वास ओढला आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, जरा अवघड आहे."

"अवघड असून देतोस!" साहेब गहिवरला. त्याने हरिपंतांचा हात खांद्यापासून हलवला आणि संध्याकाळी शिपाई पाठवून छत्री नेली. ती परत आली तेव्हा तिच्या काड्या तेवढ्या जपानी राहिल्या होत्या.

"साहेबाची चूक नाही," हरिपंत म्हणाले. "माझा श्वासच कमी पडला."

मार्गशीर्षात त्यांच्या आईचे श्राद्ध येई. श्राद्धाला पाटावर ब्राह्मण जेवावे लागतात, आणि हरिपंतांकडे पाटावर बसायला कोणी तयार नसे. तीन वर्षे त्यांनी ब्राह्मणांच्या जागी दर्भाच्या जुड्या पाटावर मांडून त्यांनाच पान वाढले. भटजी येत, पण मंत्र अंगणातून सांगत. उंबऱ्याबाहेरून म्हटलेला मंत्र बाटत नाही आणि दक्षिणा बाहेरही पोचते, हा शोध आमच्याच गावचा.

चौथ्या वर्षी श्राद्धाच्या आदल्या दिवशी हरिपंत टोपलीभर आवळे घेऊन आले.

"आधी क्षमा असावी, मास्तर." बसले. थंडी यंदा बरी पडली म्हणाले. मग टोपलीतले आवळे सारखे करत म्हणाले, "आमच्या आईला वाढायची फार हौस. पानावर कोणी नसलं, की तिला स्वतःला घास जात नसे."

एवढ्या दिवसांच्या शेजारामुळे मला आता जपानी कळू लागले होते. पण त्यांच्याकडे जेवलो, तर माझ्याही घरचे पाणी बंद होणार, आणि मुलीचे लग्न ठरायचे होते. माझ्या नकळत मी दातांतून श्वास आत ओढला.

हरिपंत तत्काळ उठले. "छे छे! मी आवळेच द्यायला आलो होतो. मुरंबा चांगला होतो." पायरीवरून वळून त्यांनी माझी क्षमा मागितली.

"त्यांनी मागितलं?" कुटुंबाने विचारले.

"नाही."

"तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही."

"मग तोंड का असं झालंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आंघोळ करून सोवळे नेसलो. कुटुंब आवळे चिरत होते. वर न बघता म्हणाले, "मुलगी माझीही आहे. जा तुम्ही."

हरिपंतांच्या अंगणात भटजी मंत्राच्या मध्येच थांबले. मी त्यांच्यासमोरून उंबरा ओलांडला. आत हरिपंत दर्भ हातात घेऊन उभे होते.

"मास्तर, तुम्ही? अहो, मुलीचं..."

"पंत, काल एकदा सरळ मागायचं होतंत."

"सरळ मागितलं, की समोरच्याला नाही म्हणावं लागतं," ते हलकेच म्हणाले. "मग रोज पारनाक्यावर मला बघून तुमची मान खाली गेली असती. त्यापेक्षा माझा एक पाट रिकामा राहिलेला बरा."

मी पाटावर बसलो. त्यांनी माझे पाय धुतले, पान वाढले. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळे स्वतः रांधलेले. वाढताना ते पानाऐवजी माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे भात पानापेक्षा माझ्या मांडीवर जास्त पडला. वडा मीठ विसरलेला होता. मी तो संपवला आणि म्हणालो, "पंत, आणखी एक वडा आणा."

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. घरात दुसरे कोणी नव्हते, तरी आतून त्यांचा आवाज ऐकू आला:

"आई, मास्तर वडा मागतायत गं."